बाग कोणाची, बियाणे कोणाचे

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या दक्षिण भागात, तोहोनो ओ'ओधम या मूलनिवासी लोकांच्या वाळवंटी वस्त्यांमध्ये, काही कार्यकर्ते भाजीपाल्याच्या बागा उभ्या करून देण्याच्या कामात गुंतले होते. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. मधुमेह झपाट्याने वाढला होता, ताजी भाजी मिळणारे दुकान मैलोन् मैल दूर होते आणि घराजवळ चार वाफे असावेत हे कोणालाही पटण्यासारखे होते. लोकांनी सारे ऐकून घेतले. पण त्यांच्यातील वडीलधाऱ्यांनी सांगितले, की आम्हाला खरे तर आमचे आजी-आजोबा जे पिकवीत असत त्याचे बी हवे आहे. त्या मागणीतून १९८३ साली टूसॉन येथे 'नेटिव्ह सीड्स/सर्च' ही बियाणे जतन करणारी संस्था उभी राहिली आणि आजही ती त्या वाळवंटी मुलखातील मका, घेवडा, भोपळा, मिरची यांचे जुने वाण सांभाळते आहे.

मूलनिवासींच्या अन्नसुरक्षेविषयी आणि सामूहिक बागांविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात बहुतेक वेळा एक गृहीत दडलेले असते: या लोकांना पिकवायची सवय राहिलेली नाही, ती लावली की प्रश्न निम्मा सुटेल. मला हे गृहीत मुळातच चुकीचे वाटते. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींकडे शेतीचे ज्ञान कधीच कमी नव्हते. त्यांच्याकडून जमीन गेली, पाणी गेले, बियाणे गेले आणि आपल्या पिकाचे काय करायचे हे ठरविण्याचा अधिकारही गेला. आणि हे सारे आपसूक घडले नाही, ते घडविण्यात आले. म्हणून एखादी बाग यांपैकी निदान एक गोष्ट परत मिळवून देत असेल, तरच ती त्या लोकांची होते. एरवी अनुदान आहे तोवर ती हिरवी राहते. मी स्वतः एका सामूहिक बागेत वाफा सांभाळतो आणि पाण्याच्या पाळ्यांवरून होणाऱ्या बैठकांना न चुकता बसतो, त्यामुळे बाग म्हटले की भाबडेपणाने भारावून जाण्याची अवस्था केव्हाच मागे पडली आहे.

ज्ञानाविषयी बोलायचे तर सुरुवात मका, घेवडा आणि भोपळा या त्रयीपासून करावी लागते. न्यूयॉर्क राज्याच्या परिसरातील हॉडेनोशॉनी, म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक इरोक्वा म्हणत, ते या तिघींना बहिणी मानतात. त्यांची पद्धत अशी, की शेत नांगरायचे नाही. मातीचे फूटभर उंचीचे, एकमेकांपासून साधारण मीटरभर अंतरावर उंचवटे करायचे आणि प्रत्येक उंचवट्यावर मक्याचे काही दाणे टोकायचे. त्या प्रदेशातील वसंत ऋतू गार आणि ओला असतो. उंचवट्यावरचे पाणी निथळते, माती लवकर उबदार होते आणि दाणा कुजत नाही. मका वीतभर वर आला की त्याच्या बुडाशी घेवडा पेरायचा. आधी पेरला तर वेल कोवळ्या मक्याला खाली ओढतो आणि फार उशिरा पेरला तर मक्याच्या सावलीत तो खुरटतो. आमच्या बागेत ही तिन्ही पिके एकत्र लावली तेव्हा ही वेळ साधणे किती नाजूक असते ते जवळून पाहायला मिळाले. घेवड्याला चढायला मक्याचे ताट मिळते, घेवड्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीत धरून ठेवतात आणि भोपळ्याची रुंद, खरखरीत पाने जमीन झाकून तण दाबतात, ओल टिकवतात.

पानात वाढल्यावरही या तिघींचे नाते तुटत नाही. मक्याच्या प्रथिनात लायसीन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले कमी असतात. घेवड्यात लायसीन भरपूर असते. शिवाय मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहजी मिळत नाही, ते मोकळे होण्यासाठी दाणे राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात शिजवावे लागतात. हॉडेनोशॉनी स्त्रिया लाकडाच्या राखेत मका उकळून, टरफल सुटेपर्यंत टोपलीत घोळून धूत असत. युरोपीय लोकांनी मका नेला, पण ही राख नेली नाही; त्यामुळे नायसिनच्या अभावाने उत्तर इटलीत आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, मक्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा या रोगाने थैमान घातले. कॉर्नेल विद्यापीठातील शेतीशास्त्रज्ञ जेन माउंट प्लेझंट, ज्यांचे पूर्वज हॉडेनोशॉनींपैकी टस्करोरा होते, त्यांनी या शेतीचा हिशेब मांडून दाखविला आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत हॉडेनोशॉनींचे एकरी धान्य उत्पादन हे युरोपीय गहू पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या तिप्पट ते पाचपट होते आणि वारंवार न नांगरल्यामुळे जमिनीचा कस टिकून राहत होता. ही शेती स्त्रियांच्या हाती होती, पेरणी-कापणी सामूहिक होती आणि कोठारावर हक्कही त्यांचाच होता. आज ज्याला सामूहिक बाग म्हणतात त्याची सगळी अंगे त्यात होती.

मग हे गेले कुठे? १७७९ च्या उन्हाळ्यात, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जनरल जॉन सुलिव्हन यांना इरोक्वा प्रदेशावर धाडले. ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या गटांना नमविणे हा उद्देश होता, आणि आदेशात उभी पिके नष्ट करा व पुन्हा पेरणी होऊ देऊ नका असे स्पष्ट म्हटले होते. सैन्याने ४० हून अधिक गावे जाळली, फळबागा तोडल्या आणि सुलिव्हन यांच्याच अहवालानुसार १ लाख ६० हजार बुशेल (धान्याचे एक माप) मका नष्ट केला. त्यानंतरचा हिवाळा कडाक्याचा होता. हजारो निर्वासित नायगारा किल्ल्याच्या आश्रयाला गेले आणि त्यांतले कित्येक थंडीने, उपासमारीने आणि रोगाने मेले. हॉडेनोशॉनींपैकी सेनेका लोकांनी वॉशिंग्टन यांना 'गावे उद्ध्वस्त करणारा' हे नाव दिले. १८६३-६४ मध्ये ॲरिझोनात किट कार्सन यांच्या फौजेने नावाहो लोकांची मक्याची शेते जाळली आणि पुढे कॅनियन द शे या दरीतील पीचच्या बागाही तोडण्यात आल्या. मैदानी प्रदेशातील मूलनिवासींचे मुख्य अन्न असलेले कोट्यवधी गवे १८८० च्या दशकाअखेर हजाराच्याही आत आले. शत्रूला हरविण्यापेक्षा त्याचे कोठार रिकामे करणे स्वस्त पडते, हे प्रत्येक ठिकाणी दिसते.

तरीही माझ्या मते युद्धातील जाळपोळीपेक्षा शांततेच्या काळातील कागदपत्रे अधिक वाचनीय आहेत, कारण त्यांत रागाचा भरही नाही. कॅनडाच्या पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात १८७० च्या दशकात मूलनिवासींशी करार झाले. गवे संपत आले होते आणि शेतीसाठी अवजारे, बैल व बियाणे देण्याचे वचन सरकारने त्यात दिले होते. अनेक गटांनी शेती खरोखर अंगी आणली. १८८० च्या दशकात काही ठिकाणी त्यांनी वर्गणी काढून कापणीची यंत्रे विकत घेतली आणि त्यांचे धान्य, गवत व जळण बाजारात जाऊ लागले. शेजारच्या गोऱ्या वसाहतकारांनी तक्रार केली, की सरकारी मदतीवर जगणारे हे लोक आमच्याशी स्पर्धा करतात. १८८९ पासून हेटर रीड या अधिकाऱ्याने जे धोरण राबविले ते वाचून प्रथम विश्वास बसत नाही. रानटी अवस्थेतून माणूस एकदम यंत्रयुगात जाऊ शकत नाही, मध्ये त्याने छोट्या शेतकऱ्याची पायरी चढलीच पाहिजे, असे त्याचे म्हणणे. म्हणून मूलनिवासी शेतकऱ्याने यंत्र वापरायचे नाही. बी हाताने फोकायचे, पीक कोयत्याने कापायचे, पेंढ्या गवताच्याच दोरीने बांधायच्या, मळणी झोडपून करायची आणि पीठ हातजात्यावर दळायचे. एकर-दोन एकर गहू, थोडी कंदमुळे आणि एखादी गाय एवढ्यात भागवायचे. लोखंडी दात्यांच्या कुळवाऐवजी लाकडी दात्यांचा कुळव स्वतः करायचा. त्याच सुमारास सामाईक जमिनीचे चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे पाडण्यात आले, म्हणजे एकत्र राबून एकत्र यंत्र घेण्याची सोयच उरू नये. गवताळ प्रदेशातील हंगाम आखूड, पहिला कडाका केव्हा येईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी हाताने कापणी म्हणजे पीक डोळ्यांदेखत गोठू देणे होते. हे धोरण १८९७ च्या सुमारास मागे पडले, तोपर्यंत पुष्कळांनी शेतीचा नाद सोडला होता.

याच्या जोडीला परवान्याची पद्धत होती. मूलनिवासींसाठी राखून ठेवलेल्या, म्हणजे राखीव प्रदेशातील शेतकऱ्याला आपले धान्य, गाय-बैल, इतकेच काय जळाऊ लाकूडसुद्धा विकायचे तर सरकारी एजंटाची लेखी परवानगी लागे. प्रत्यक्ष व्यवहारात ही पद्धत विसाव्या शतकात विरत गेली, परंतु इंडियन ॲक्ट या मूलनिवासींविषयीच्या कॅनडाच्या कायद्यातील ती कलमे रद्द व्हायला २०१४ साल उजाडले. अमेरिकेत १८८७ च्या डॉज कायद्याने हेच काम वेगळ्या रीतीने झाले. टोळ्यांची सामाईक जमीन माणशी वाटून उरलेली बाहेरच्यांना खुली करण्यात आली आणि १९३४ पर्यंत १३ कोटी ८० लाख एकरांपैकी जेमतेम ४ कोटी ८० लाख एकर त्यांच्याकडे राहिली. आज कोणी या लोकांना 'सामूहिक' बागेचे महत्त्व सांगू लागला, तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटणारे हसू समजून घेतले पाहिजे.

पाण्याची कहाणी अकिमेल ओ'ओधम लोकांच्या वाट्याला आली, ज्यांना वैद्यकीय ग्रंथांत पीमा म्हटले जाते. ॲरिझोनातील हिला नदीच्या काठी, पूर्वजांच्या काळापासून चालत आलेल्या कालव्यांवर, ते मका, कापूस, भोपळा, टेपरी घेवडा आणि पुढे गहू पिकवीत. १८५०-६० च्या दशकांत कॅलिफोर्नियाकडे जाणारे तांडे आणि अमेरिकी सैन्य त्यांच्याच गव्हावर पोसले जात होते. नंतर नदीच्या वरच्या अंगाला वसाहती झाल्या, पाणी तिकडेच वळविले गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कालवे कोरडे पडले. शेतकऱ्यांचे रूपांतर शिधा घेणाऱ्यांत झाले: पांढरे पीठ, चरबी, साखर, कॉफी. पीठ चरबीत तळून केलेली 'फ्राय ब्रेड' आज मूलनिवासींचा पारंपरिक पदार्थ म्हणून मिरवते. तिचा जन्म मात्र राखीव प्रदेशातील शिध्यातला आहे.

१९६५ पासून अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या समाजाचा अनेक दशके अभ्यास केला आणि सुमारे निम्म्या प्रौढांना मधुमेह असल्याचे आढळले. बराच काळ चर्चा त्यांच्या जनुकांची झाली. पुढे मेक्सिकोच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या, त्यांच्याशी आनुवंशिक नाते असलेल्या आणि अजून स्वतःच्या शेतात राबणाऱ्या पीमांशी तुलना केली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मेक्सिकोतील पीमांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ६.९ टक्के, तर अमेरिकेतील पीमांमध्ये ३८ टक्के निघाले. जनुकांचा भाग असेलही, पण नदी कोणी अडविली हा प्रश्न डॉक्टरांच्या प्रश्नावलीत बसत नाही. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २००४ च्या कायद्याने हिलाकाठच्या या लोकांच्या हिला रिव्हर समाजाला दरवर्षी ६ लाख ५३ हजार ५०० एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभे राहील इतके) पाण्याचा हक्क मान्य झाला आणि त्यांच्या जमिनीवर टेपरी घेवडा पुन्हा विक्रीसाठी पिकू लागला. हा घेवडा आकाराने लहान, पांढरा किंवा तपकिरी असतो, पावसाच्या एक-दोन सरींवर येतो आणि रक्तातील साखर हळू वाढवितो. वाफे आणि प्रशिक्षण वर्ग यांपेक्षा तो पाण्याचा हक्क मोठा, असे मी ठामपणे म्हणेन.

बियाण्याची गोष्ट त्याहून वेगळी, कारण बी साठवता येते पण फार काळ थांबवता येत नाही. मक्याचा दाणा काही वर्षांनी उगवणशक्ती गमावतो; म्हणून वाण टिकवायचा तर तो पुन:पुन्हा पेरावाच लागतो, आणि पेरायला त्या वाणाला मानवणारी माती लागते. पॉनी लोकांना १८७० च्या दशकात नेब्रास्कातून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. बरोबर नेलेला मका तिथल्या वेगळ्या मातीत आणि उन्हात नीट धरेना. घराघरांत थोडे थोडे बी उरले, तेही कमी होत गेले. २००३ च्या सुमारास नेब्रास्कातील कर्नी येथील एका संग्रहालयात काम करणाऱ्या बाईंनी पॉनींशी संपर्क साधला आणि टोळीच्या वतीने बियाणे सांभाळणाऱ्या डेब एको-हॉक यांनी त्यांच्याकडे मोजके दाणे पाठविले. पहिल्या वेळी पीक साधले नाही, नंतर साधले. त्यातील 'ईगल कॉर्न' या वाणाचा दाणा पांढरा असतो आणि त्याच्यावर जांभळट ठसा असतो, पंख पसरलेल्या गरुडासारखा. कणीस सोलून दाणे हातावर घेतले तर प्रत्येक ठसा थोडा निराळा दिसतो. या उपक्रमात आज नेब्रास्कातील वसाहतकारांचे वंशज आपल्या बागांत पॉनींचा मका लावतात आणि कापणी झाली की ती ओक्लाहोमात पॉनींकडे पोहोचती होते. जमीन बहुतांशी परत मिळालेली नाही, पण बी आपल्या मातीत परतले आहे आणि त्यावरचा हक्क पॉनींचाच आहे, ही अट सर्वांनी पाळली आहे. सामूहिक बागेचे इतके विचित्र आणि इतके प्रामाणिक रूप मला दुसरे आठवत नाही.

चेरोकी नेशनची स्वतःची बियाणे बँक असून ती दरवर्षी आपल्या नागरिकांना जुन्या वाणांचे बी वाटते. २०२० साली त्यांनी आपले नऊ वाण नॉर्वेतील स्वालबार्डच्या जागतिक बीजकोठारात ठेवले. अमेरिकेतील मूलनिवासी राष्ट्रांपैकी असे करणारे ते पहिले.

बाग म्हणजे कुंपण, वाफे आणि सरळ ओळी ही आपली कल्पना इथे अपुरी पडते, हेही सांगितले पाहिजे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर बेटाच्या दक्षिण टोकाला ओक वृक्षांच्या अधूनमधून मोकळी कुरणे आहेत. १८४२ साली हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीचे जेम्स डग्लस तिथे पोहोचले तेव्हा त्यांना तो प्रदेश ईडनच्या बागेसारखा वाटला. निसर्गाचीच कृपा असे त्यांनी मानले. प्रत्यक्षात ती तिथल्या कोस्ट सेलिश या मूलनिवासी लोकांतील स्त्रियांची शेते होती. कॅमस या निळ्या फुलांच्या वनस्पतीचे कंद त्या काढीत, मोठे ठेवून घेत, लहान पुन्हा मातीत लावीत आणि ठरावीक काळाने कुरण जाळून झुडपे माजू देत नसत. याच कुरणात पांढऱ्या फुलांचा एक विषारी भाऊबंदही उगवतो. कंद पाहून दोघांतला फरक कळत नाही, म्हणून फुलांच्या दिवसांत पांढरे तेवढे उपटून टाकायचे आणि कंद पुढे काढायचे. खड्ड्यात तापलेल्या दगडांवर, पानांच्या थरांत झाकून कंद दिवसभर किंवा त्याहून अधिक वेळ भाजले, की त्यातील इन्युलिन या सहज न पचणाऱ्या घटकाची साखर होते आणि ते गोड लागतात. गुरे आली, कुरण जाळण्यावर बंदी आली आणि कॅमस मागे हटला. त्याच किनाऱ्यावर ओहोटीच्या रेषेला दगडांचे बांध रचून शिंपल्यांची वाढ वाढविणाऱ्या 'शिंपल्यांच्या बागा' होत्या. क्वाड्रा बेटावरील काही किमान ३,५०० वर्षांपूर्वीच्या आहेत. २०२२ साली वॉशिंग्टन राज्यातील स्विनोमिश लोकांनी अशी बाग नव्याने बांधली. दगड हातोहात देत रचायचे काम असल्यामुळे ते एकट्याने होतच नाही.

आता उत्तर ध्रुवाकडे वळू, कारण बागेच्या मर्यादा तिथे सर्वांत स्पष्ट दिसतात. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधील इनुविक हे गाव ध्रुववृत्ताच्या उत्तरेला आहे; इनुव्हियालुइट आणि ग्विचिन लोकांचा हा प्रदेश. खाली कायम गोठलेली जमीन, त्यामुळे उघड्यावर भाजी जवळपास अशक्य. रस्ता आहे, पण वाटेतल्या नद्या हिवाळ्यात गोठतात तेव्हा बर्फावरून आणि उन्हाळ्यात तराफ्यावरून ओलांडाव्या लागतात. मधल्या काळात, बर्फ फुटताना आणि धरताना, ट्रक येऊ शकत नाहीत आणि माल विमानाने येतो. १९९८ साली तिथल्या लोकांनी सामूहिक बागेची संस्था काढली आणि पाडली जाणार असलेली आइस हॉकीची जुनी इमारत ताब्यात घेतली. छताचा पत्रा काढून पारदर्शक आच्छादन टाकले आणि जिथे बर्फ होता तिथे वाफे आले. उन्हाळ्यात ५० हून अधिक दिवस सूर्य मावळत नाही, त्यामुळे पालेभाजी, टोमॅटो, वाटाणा यांची वाढ पाहण्यासारखी होते. ही इमारत ग्रोलियर हॉल या निवासी शाळेच्या वसतिगृहाची होती. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवण्याची जी व्यवस्था कॅनडात शंभर वर्षांहून अधिक काळ चालली तिचाच तो भाग, आणि तिथे मुलांवर झालेले अत्याचार न्यायालयात सिद्ध झाले आहेत. १९४२ ते १९५२ या काळात अशा काही शाळांतील मुलांवर आणि उत्तर मॅनिटोबातील कुपोषित मूलनिवासींवर सरकारी आहारतज्ज्ञांनी पोषणाचे प्रयोग केले, हे इयन मॉस्बी या इतिहासकाराने २०१३ साली उजेडात आणले. अन्न देणाऱ्या हाताविषयीचा अविश्वास कोठून येतो, याचे उत्तर यात आहे.

पण इनुविकच्या काचघराने गावाचे पोट भरते असे म्हणणे खोटे ठरेल. आर्क्टिकमधील लोकांचे अन्न मुख्यतः कॅरिबू (रेनडियर हरणे), सील, मासे, व्हेल आणि बोरांसारखी फळे हेच होते. मुक्तुकमध्ये, म्हणजे चरबीसकट खाल्ल्या जाणाऱ्या व्हेलच्या त्वचेत, क जीवनसत्त्व असते, म्हणूनच युरोपीय खलाशी या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीने मरत असताना आर्क्टिकमधील मूलनिवासी इनुइट धडधाकट होते. २००७-०८ च्या इनुइट आरोग्य सर्वेक्षणात कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत प्रदेशातील जवळपास ७० टक्के इनुइट घरांना अन्नाची निश्चिती नसल्याचे दिसले. कोथिंबिरीच्या वाफ्याने हा आकडा हलणार नाही. तो शिकारीला लागणाऱ्या पेट्रोलच्या खर्चाशी, स्नोमोबाइलच्या किमतीशी आणि प्राण्यांच्या संख्येशी बांधलेला आहे. बाथर्स्ट नावाने ओळखला जाणारा कॅरिबूंचा कळप १९८० च्या दशकात साडेचार लाखांच्या वर होता. २०१८ मध्ये तो ८ हजारांच्या आसपास उरला होता आणि त्याच्या शिकारीवर कडक निर्बंध घालावे लागले. अशा ठिकाणी बाग ही हौशी लोकांनी आणि शाळकरी मुलांनी जरूर करावी. सरकारने मात्र तिचे छायाचित्र अहवालाच्या मुखपृष्ठावर छापून शिकारीच्या प्रश्नावर पांघरूण घालू नये.

मुळात पुष्कळ बागा का बंद पडतात, याचे कारण रोजच्या कामात आहे. तण काढायची ऐन वेळ आणि मासेमारीच्या तळावर जाण्याची किंवा बोरे वेचण्याची वेळ उत्तरेकडे एकच असते. कोणी शहाणा माणूस गाजरे खुरपण्यासाठी सॅमनची झुंबड सोडणार नाही. म्हणून बटाटा तिथे सर्वांत टिकाऊ ठरतो: लावा, एकदा भर द्या आणि मासे सुकवून परत आल्यावर खणून काढा. दुसरे, अनुदान एका वर्षाचे असते आणि ते हाती येते तोवर पेरणी उलटलेली असते. तिसरे आणि माझ्या अनुभवात सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे बाग ही नेहमी एका माणसाच्या खांद्यावर उभी असते. किल्ली त्याच्याकडे, पाण्याच्या पाइपाची तोटी कुठली गळते हे त्यालाच ठाऊक, आणि त्याला पगार नसतो. तो गाव सोडून गेला की पुढच्या जूनमध्ये गवत कमरेएवढे होते.

या शेवटच्या अडचणीवर भाषणांपेक्षा कंत्राट उपयोगी पडते, आणि त्या दिशेने अमेरिकेत एक गोष्ट घडली आहे. राखीव प्रदेशांतील गरीब कुटुंबांना अन्नाचे खोके देणारी केंद्र सरकारची योजना १९७७ च्या कायद्यातून आली. खोक्यात काय असावे आणि ते कोणाकडून घ्यावे हे राजधानी वॉशिंग्टनमध्ये ठरे. २०१८ च्या कृषी कायद्याने प्रायोगिक तत्त्वावर अशी मुभा दिली, की मूलनिवासी राष्ट्रांनी यातील काही पदार्थ स्वतः निवडावेत आणि स्वतः विकत घ्यावेत. २०२१ मध्ये पहिले करार झाले, त्यांत विस्कॉन्सिनमधील ओनायडा आणि मेनॉमिनी ही राष्ट्रे होती. ओनायडा हे हॉडेनोशॉनींपैकीच एक. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यापैकी अनेकांना न्यूयॉर्कमधून विस्कॉन्सिनला जावे लागले आणि आपला पांढरा मका ते आजही एकत्रितपणे पिकवितात, राखेत शिजवितात. पेरणीच्या आधीच खरेदीदार ठरलेला असेल, तर किल्ली सांभाळणाऱ्या माणसाचा पगार हिशेबात धरता येतो आणि पुढच्या वर्षासाठी किती बी राखायचे तेही ठरविता येते. ही मुभा अजून मोजक्या राष्ट्रांपुरती आणि मंजूर झालेल्या रकमेपुरती आहे, आणि ती कायम करावी अशी मूलनिवासी राष्ट्रांची मागणी आहे.